चोवीस चुण्या

[दृश्य : कापायचं टेबल, वरून. करड्या रंगाचं कापड पसरलेलं. खडू धरलेला हात.]

७२ इंच कापड. शिवणीसाठी दोन इंच वर.

कंबर २४ ची आहे. चुण्यांचा स्कर्ट शिवायचा तर कापड कंबरेच्या तिप्पट लागतं. खडूच्या रेघा बघा. दर तीन इंचांवर एक लांब रेघ, आणि मधे दोन बारीक खुणा. तीनातला एक इंच वर दिसणार, उरलेले दोन घडीत आत जाणार. अशा २४ चुण्या. टेलरकाका चुणी म्हणत नाहीत, 'प्लेट' म्हणतात, आणि प्रत्येक प्लेट दोनदा मोजतात. एका प्लेटमध्ये पाव इंचाची चूक झाली तर ती लपते. पण तीच चूक चोवीस वेळा झाली की कंबरेत सहा इंचांचा घोळ होतो.

[दृश्य : घडी घालणारी बोटं, अगदी जवळून. टाचण्या. कच्चा धागा.]

घडी पडते, अंगठ्याने दाबली जाते, तिच्यावर टाचणी लागते. मग पुढची. सगळ्या घड्या एकाच दिशेला वळतात. कच्ची शिलाई वरपासून खालपर्यंत घालायची, इस्त्री फिरवून झाल्याशिवाय ती उसवायची नाही. ओलं फडकं पसरून इस्त्री नुसती ठेवायची, घासायची नाही. घासली की घडी सरकते.

टेबलाच्या कडेला टाचलेली ही चिठ्ठी. कंबर २४. सीट, म्हणजे नितंबांचा घेर, २८. लांबी १८. तिच्यावर दुसरं काही लिहिलेलं नाही.

[दृश्य : दोन मुलं, कंबरेपासून खाली. टेप आधी एकीच्या, मग दुसऱ्याच्या कंबरेभोवती.]

ही बहीण, हा भाऊ. दोघं जुळी, वय दहा. टेप दोघांनाही २४ सांगते. वयात येण्याआधी मुलाच्या आणि मुलीच्या कंबरेत टेलरला वेगळा हिशोब करावा लागेल असा फरक नसतो. टेबलावरचा स्कर्ट भावासाठी शिवला जातोय. बहिणीकडे तसाच एक आहे, आणि शाळेला जाताना आपणही तो घालावा असं त्याला वाटतं. त्यावर घरात, शाळेत, ओळखीपाळखीच्या माणसांत एकच वाक्य ऐकू आलं : तो मुलींचा असतो.

मुलींचा असतो, म्हणजे केव्हापासून? आम्ही हे शोधायला निघालो तेव्हा आमचं मत ठरलेलं होतं, आणि ते आम्ही लपवत नाही. कुठलाही कपडा जन्मतः मुलींचा नसतो असं आम्हाला वाटतं. जे सापडलं ते मात्र आमच्या अपेक्षेपेक्षा खूप जास्त होतं.

[दृश्य : चौकड्यांचं लोकरी कापड. किल्टच्या मागच्या चुण्या, जवळून.]

चौकड्यांचा, चुण्यांचा, गुडघ्यापर्यंतचा. जगभरच्या शाळांमध्ये मुलींच्या गणवेशात हा स्कर्ट दिसतो. तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांच्या किल्टवरून आला. तिथले पुरुष किल्ट घालून शिकार करत, गुरं हाकत, लढाईला जात. १७४६ च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या माळावर ब्रिटिश राजाविरुद्धचं त्यांचं बंड मोडलं, आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला : स्कॉटलंडमधल्या कुठल्याही पुरुषाने किंवा मुलाने डोंगराळ प्रांताचा पोशाख घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, पुन्हा सापडला तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. सरकारी सैन्यात असलेल्यांना तेवढी सूट होती.

कायद्यात 'पुरुष आणि मुलगे' असे स्पष्ट शब्द आहेत. बायकांचं त्यात नावही नाही. सरकारला हा कपडा लढवय्यांचा वाटत होता, म्हणून त्याची धास्ती होती. बंदी उठायला १७८२ साल उजाडलं.

[दृश्य : पहिल्या महायुद्धातले फोटो. खंदक, चिखल, किल्टमधले सैनिक.]

हे पहिल्या महायुद्धातले स्कॉटिश पलटणींचे सैनिक. गुडघे उघडे, चुण्या चिखलाने भरलेल्या. यांना कुणी 'मुलींसारखे' म्हटलं असेल असं हे फोटो बघून वाटत नाही.

[दृश्य : तैलचित्र. पांढऱ्या खलाशी पोशाखातला लहान मुलगा.]

आता ही कॉलर. मागे चौकोनी, पुढे निमुळती होत गाठीपर्यंत येणारी. १८४६ मध्ये विंटरहाल्टर या चित्रकाराने काढलेलं हे चित्र राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलाचं आहे. वय चार वर्षं. शाही जहाजावरच्या खलाशांसारखा छोटा गणवेश त्याच्यासाठी शिवून घेतला होता. चित्र गाजलं, आणि युरोपभर घरोघरच्या मुलग्यांच्या अंगावर खलाशी पोशाख चढला. नंतर मुलींनी तो उचलला. १९२० च्या आसपास जपानमधल्या काही मुलींच्या शाळांनी तो गणवेश म्हणून घेतला आणि खाली चुण्यांचा स्कर्ट जोडला. आज 'जपानी शाळकरी मुलगी' म्हटलं की हीच कॉलर डोळ्यांपुढे येते. आरमारातल्या पुरुषांची कॉलर शंभरेक वर्षांत पुरती मुलींची झाली.

[दृश्य : बिनबाह्यांचा पिनाफोर, हँगरवर. खांद्याची पट्टी, कंबरेचा पट्टा.]

पिनाफोरची गोष्ट वेगळी आहे, कारण हा कपडा मुलींसाठीच बेतला गेला. १८८५ मध्ये मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग या स्वीडिश बाईंनी इंग्लंडमध्ये मुलींना व्यायामशिक्षिका करणारं कॉलेज काढलं. त्या काळी मुलींनी घोळदार, घट्ट कंबरेच्या कपड्यांत व्यायाम करायचा अशी अपेक्षा असे. मेरी टेट या त्यांच्या विद्यार्थिनीने १८९० च्या दशकात सैलसर, चुण्यांचा, बिनबाह्यांचा झगा तयार केला. त्यात उडी मारता येत होती, दोरावर चढता येत होतं. खेळासाठी काढलेला तो कपडा पुढे वर्गात आला आणि मुलींच्या शाळांचा गणवेश झाला. ज्याला आपण 'शोभेसा, मुलींचा' म्हणतो, तो धावता यावं म्हणून शिवला होता!

[दृश्य : जुना फोटो. लांब केस, पांढरा झगा, मांडीवर पिसांची टोपी.]

हे मूल कोण असेल? फोटो १८८४ चा. मूल अडीच वर्षांचं. नाव फ्रँकलिन रूझवेल्ट, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले ते. त्या काळी युरोप-अमेरिकेत लहान मुलगे झगेच घालत. झगा ढगळ शिवता येई, मूल वाढलं की टीप उसवून लांब करता येई, लंगोट बदलणं सोपं जाई. पहिली विजार वयाच्या चार ते आठ वर्षांमध्ये केव्हातरी मिळायची. तोपर्यंत भाऊ-बहीण एकाच कपड्यात वाढायचे.

[दृश्य : नकाशा. प्रशांत महासागरातली बेटं. मग शाळेत जाणाऱ्या मुलांचे फोटो.]

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल, तर हे आजचे फोटो बघा. फिजीमध्ये मुलगे सुलू नेसून शाळेत जातात. कंबरेभोवती गुंडाळलेलं एकच कापड, त्याला पाय नाहीत. सामोआ आणि टोंगामध्येही मुलग्यांचा गणवेश असाच गुंडाळायचा. म्यानमारमध्ये मोठ्या मुलांच्या गणवेशात हिरवी लुंगी आणि पांढरा सदरा. हे मुलगे मैदानात खेळतात, वर्गात बसतात, आणि तिथे त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही.

[दृश्य : पुन्हा शिलाई मशीन. पट्टी आणि चुण्या एकत्र जोडताना.]

कंबरेची पट्टी बसवण्याचं काम सगळ्यात कठीण. चुण्यांमुळे कापड तीन पदरी झालेलं असतं, सुई अडते. काका इथे मोटर बंद करतात आणि हाताने चाक फिरवतात. एकेक टाका.

[दृश्य : उन्हाळा. २०१७ चे बातम्यांमधले फोटो. स्कर्ट घातलेले मुलगे, शाळेच्या फाटकाबाहेर.]

जून २०१७. इंग्लंडमधलं एक्सेटर शहर. पारा तिशीच्या वर गेला होता. मुलग्यांनी हाफ पँट मागितली, शाळेच्या नियमात ती नव्हती. नियमात होती ती लांब पँट, आणि स्कर्ट. जवळपास ३० मुलगे स्कर्ट घालून शाळेत आले. पुढे शाळेने हाफ पँटला परवानगी द्यायचं ठरवलं. त्याच आठवड्यात फ्रान्समधल्या नान्त शहरात बसचालकांनीही हेच केलं.

या फोटोंत मुलगे हसताहेत, पाय फाकवून रुबाबात उभे आहेत. त्यांनी स्कर्ट घातला तो नियमाला चिमटा काढायला, त्यांना हवी होती ती हाफ पँट. आमच्या दहा वर्षांच्या मुलाला तो रोज घालायचा आहे. या दोन गोष्टींत जे अंतर आहे, तोच या फिल्मचा विषय आहे.

[दृश्य : केरळमधल्या शाळेच्या आवारातले फोटो. सगळी मुलं एकसारख्या कपड्यांत.]

केरळमधल्या वलयनचिरंगरा गावाच्या सरकारी प्राथमिक शाळेने सगळ्यांना एकच गणवेश दिला, गुडघ्यापर्यंतची तीन चतुर्थांश पँट आणि शर्ट. डिसेंबर २०२१ मध्ये बालुसेरीच्या मुलींच्या शाळेत पँट-शर्ट आला. तिथे विरोधही झाला. आम्हाला हे पाऊल मनापासून आवडलं. तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'सगळ्यांसाठी एकच' असं ठरवायची वेळ आली की जो कपडा निवडला जातो तो आजवर मुलग्यांचा मानलेला असतो. मुलीने पँट घातली की ती पुढे गेली असं आपण म्हणतो. मुलाने स्कर्ट घातला की तो खाली आला असं म्हणतो. म्हणजे हे भांडण कापडाचं नाहीच, त्यात मुलीची पायरी खालची धरली गेलीय, आणि मला यातलं हेच सगळ्यात जास्त लागतं.

[दृश्य : फरशीवर मांडी घालून बसलेली मुलगी, स्कर्ट गुडघ्याखाली खोचताना. मग सायकल. मग जिना.]

'स्कर्ट मुलांना जमणार नाही' याची कारणं आम्ही विचारली. वाऱ्याने उडतो. मांडी घालून बसता येत नाही. सायकलवर अडचण होते. जिना चढताना मागे बघावं लागतं. सगळी कारणं खरी आहेत, आणि ही मुलगी ती सगळी कारणं रोज अंगावर वागवते. ती फरशीवर कशी बसते बघा. आधी एक हात मागे, मग दुसरा पुढे, मग गुडघे एका बाजूला. भाऊ नुसता बसतो.

अमेरिकेत उत्तर कॅरोलिनामधल्या एका शाळेने मुलींना स्कर्टची सक्ती केली होती. पालकांनी २०१६ मध्ये दावा लावला. मुलींना थंडीत पाय गारठतात, खेळताना, खाली बसताना सतत कपडा सांभाळावा लागतो, हे त्यात मांडलं होतं. जून २०२२ मध्ये अपील कोर्टाने ही सक्ती मुलींच्या समान हक्काविरुद्ध असल्याचं ठरवलं, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

मेक्सिको सिटीच्या शाळा, २०१९ : मुलाला स्कर्ट, मुलीला पँट, ज्याला जे हवं ते. तैवानमधल्या न्यू तैपेईचं एक हायस्कूल, तेच वर्ष. वेल्स सरकारच्या शाळांसाठीच्या सूचना, तेच वर्ष. यादीत कपडे लिहायचे, ते कुणाचे हे लिहायचं नाही.

[दृश्य : शाळेचं दप्तर. गणवेशाची छापील यादी. 'मुलगे' आणि 'मुली' असे दोन रकाने. मग मुलाची पाठ, खिडकीकडे तोंड.]

त्याचा चेहरा आम्ही दाखवत नाही. वर्गात त्याला काय काय ऐकावं लागलं, ते त्याला माहीत आहे.

[निवेदन नाही. वीस सेकंद.]

[दृश्य : टेबल. करड्या कापडाचा छोटा तुकडा, आणि अस्तर.]

काका इथे थांबले. मुलींच्या स्कर्टला खिसा लावत नाहीत, सांगितलेलं नसेल तर कुणीच लावत नाही. मुलाने विचारलं, खिसा कुठाय? बहीण म्हणाली, आमच्याला नसतोच.

मग बाजूची शिवण चार बोटं उसवली. अस्तराचे दोन तुकडे, पंजाच्या आकाराचे, आत बसवले. तोंडाला दुहेरी टीप, दोन्ही टोकांना उलट टाके, म्हणजे हात घालून घालून फाटणार नाही. चुणीच्या आड खिसा दिसतही नाही. एवढ्याशा कामाला वीस मिनिटं लागली. तोवर बहीण घरी जाऊन स्वतःचा स्कर्ट घेऊन आली, आणि काही न बोलता तो टेबलावर ठेवला.

[दृश्य : आरसा, कंबरेपासून खाली. कच्चे धागे अजून खाली लोंबताहेत.]

हुक लागला. कंबर बरोबर आहे. तो एकदा गोल फिरला, चुण्या उघडल्या आणि परत मिटल्या. मग पहिल्यांदा त्याने खिशात हात घातला, मनगटापर्यंत.

लांबी जरा जास्त झालीय. काका गुडघ्यावर बसून खडूने खूण करतात. अर्धा इंच आत घ्यायचा, आणि खालची पट्टी हाताने शिवायची, पुढच्या वर्षी उसवून लांब करता यावी म्हणून.