शिलकी, तरी तुटीचा

श्रोतेहो, नमस्कार.

पर्वरीला, गोव्याच्या विधानसभेत, अर्थसंकल्प मांडला की दुसऱ्या दिवशी दोन मथळे हमखास वाचायला मिळतात. एक म्हणतो, शिलकी अर्थसंकल्प. दुसरा म्हणतो, राज्य कर्जात बुडालं. फोंड्याच्या बाजारात एका काकांनी दोन्ही वर्तमानपत्रं माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "यातलं खोटं कोण बोलतंय, तेवढं सांग." मी म्हटलं, काका, दोघंही खरं बोलतायत. काकांना ते काही रुचलं नाही.

त्याचं असं आहे. सरकारच्या वहीत एक हिशेब महसुली. कर, फी, केंद्राकडून येणारा वाटा ही जमा. पगार, पेन्शन, व्याज, गृह आधार आणि दयानंद सामाजिक सुरक्षा यांसारख्या मदतीच्या योजना हा खर्च. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या हिशेबात २,००० कोटींहून जास्त शिल्लक दाखवली होती. सत्ताधारी बाकं वाजवतात ती या आकड्यावर. पण रस्ते, पूल, इमारती भांडवली हिशेबात येतात. वरची शिल्लक तिकडे ओतूनही भागत नाही, मग राज्य रोखे विकून कर्ज उचलतं. ती दरी म्हणजे राजकोषीय तूट, आणि विरोधकांचं बोट नेमकं तिच्यावर. घरात पगारावर महिना निभतो, चार पैसे उरतातही, पण छपराची कौलं बदलायची तर पतसंस्थेची पायरी चढावीच लागते. असं घर सुखवस्तू की कर्जबाजारी? ज्याला जे सोयीचं, ते त्याने म्हणावं.

ही तूट राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (सरकारच्या जमेच्या नव्हे, अख्ख्या राज्याच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या) ३ टक्क्यांच्या आसपास ठेवायची, असा दंडक आहे. कोविडच्या वर्षी केंद्राने राज्यांची कर्जमर्यादा, काही अटी घालून, ५ टक्क्यांपर्यंत नेली होती. मला या टक्केवारीत एक गंमत दिसते. ज्या उत्पन्नाशी तुटीची तुलना करायची, ते उत्पन्नही अंदाजच! ते थोडं फुगवून धरलं, की एक रुपया न वाचवता तूट कमी दिसते.

आणि अंदाज कसा कोसळतो, हे गोव्याला कोणी शिकवायला नको. मार्च २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी अर्थसंकल्प मांडला, पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला. पेट्रोल लिटरमागे अकराएक रुपयांनी उतरलं. सप्टेंबरात खाणी बंद पडल्या. मार्चमधल्या कागदावर खाणींच्या स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा, आकडा होता, सप्टेंबरात ट्रक दारात उभे! तेव्हा मुख्यमंत्री दुसरे कोणी असते, तरी त्या वर्षीचा हिशेब जुळला नसता.

मग जुळवतात कसा? पगार थांबवता येत नाही, व्याज चुकवता येत नाही, निवडणूक जवळ असेल तर योजनांना हात लावायची कोणाची छाती होत नाही. उरतात बांधकामं. विधानसभेत उभं राहून "आम्ही कपात करतो" असं कोणी म्हणत नाही. निविदा लांबते, मंजुरी अडते, मार्च उलटतो, काम पुढच्या वर्षाच्या यादीत जातं. तूट आटोक्यात आल्याची बातमी मात्र येते.

म्हणून मी काकांना सांगितलं, मथळे राहू द्या. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात यंदाचा अंदाज असतो, सरत्या वर्षाचा सुधारित अंदाज असतो, आणि त्याच्याही मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला तो आकडा असतो. भांडणं पहिल्या आकड्यावर होतात. शेवटचा येईपर्यंत दोन वर्षं उलटलेली असतात, भांडणारे दुसऱ्याच विषयावर गेलेले असतात.

काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आमच्या वाड्यावरचा साकव यातल्या कुठल्या रकान्यात?" मी म्हटलं, पहिल्या.

"आणि शेवटच्या?"

साकवाजवळ खडीचा ढीग पडलाय, तो मी पाहिला होता. त्यावर आता गवत उगवलंय.