एकाच दातातून पंचवीस गोळे: चीनच्या हस्तिदंती कोरीवकामाची गोष्ट

नमस्कार मंडळी!

[पडद्यावर: ग्वांगझोचा हस्तिदंती गोळा, अगदी जवळून]

हा गोळा नीट बघा. याच्या आत दुसरा गोळा, त्याच्या आत तिसरा, आणि प्रत्येक सुटा, आपापला फिरणारा. पाहणाऱ्याला वाटतं, अर्धे-अर्धे भाग कोरून नंतर चिकटवले असणार. पण यात सांधा कुठेच नाही. सगळे गोळे दाताच्या एकाच तुकड्यातले.

हे करतात कसं? आधी लेथवर भरीव गोळा कातून घेतात. मग बाहेरून थेट मध्यापर्यंत निमुळती भोकं पाडतात, बहुतेक वेळा 14. त्या भोकांतून काटकोनात वाकलेली बारीक हत्यारं आत घालून एकेक थर सोडवायचा, आणि तोही सर्वांत आतल्या थरापासून. हत्याराचं टोक आत काय करतंय ते डोळ्यांना दिसत नाही, सगळी मदार बोटांवर. एकदा हात घसरला की महिनोन्‌महिन्यांची मेहनत वाया. 14व्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात तीन थरांच्या अशा गोळ्याचा उल्लेख आहे. लोक त्याला भुतांच्या हातचं काम म्हणत. पुढे दक्षिण चीनमधल्या ग्वांगझो शहराच्या वंग घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या थर वाढवत नेले. 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या पंचवीसेक थरांच्या गोळ्याला बक्षीस मिळालं.

हे ग्वांगझोलाच का बहरलं? एक कारण तिथली दमट हवा. कोरड्या हवेत हस्तिदंत तडकतो. दमट हवेत तो कागदाइतका पातळ कोरता येतो. दुसरं कारण बंदर. कच्चा माल जहाजाने तिथेच उतरायचा.

आणि इथेच मला या कलेची खरी गोष्ट दिसते. कारण मुळात हा माल बाहेरून आणायची गरजच नव्हती. चच्यांग प्रांतातल्या हमूडू इथे सुमारे 7000 वर्षांपूर्वीची हस्तिदंती पट्टी सापडली, तिच्यावर सूर्याकडे तोंड केलेले दोन पक्षी कोरलेत. 1976 साली आन्यांगला प्राचीन शांग राजघराण्यातल्या राणी फू हाओची कबर उघडली, तेव्हा निळसर-हिरवे पिरोजा खडे जडवलेले हस्तिदंती पेले निघाले. त्या काळी उत्तर चीनमध्ये हत्ती होते! पुढे हवामान थंड झालं, जंगलं तोडून शेती वाढली, आणि हत्ती दक्षिणेला सरकत गेले. आज चीनमध्ये रानटी हत्ती उरलेत ते युन्नानच्या दक्षिण टोकाला, जेमतेम तीनशे. दात मग आग्नेय आशियातून आणि आफ्रिकेतून येऊ लागले.

मिंग घराण्याच्या काळात (1368 ते 1644) फूच्यान प्रांतातले कारागीर मनिलातल्या स्पॅनिश लोकांसाठी बाळ येशू आणि मेरीच्या मूर्ती कोरत. त्यातल्या काही मेरी थेट ग्वानयिन या बौद्धांच्या करुणेच्या देवीसारख्या दिसतात, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांच्या. आपल्या गोव्यातही 17व्या शतकात अशीच ख्रिस्ती शिल्पं घडत होती. ओल्ड गोव्याच्या ख्रिस्ती कला संग्रहालयात गेलात तर जरूर बघा.

मिंगनंतरच्या छिंग घराण्याच्या दरबाराने तर कमाल केली. हस्तिदंताच्या पातळ पट्ट्या काढून त्यांच्या चटया विणल्या! उन्हाळ्यात अंगाला गार लागायच्या म्हणे. 1734 मध्ये खुद्द योंगचंग बादशहानेच ही उधळपट्टी थांबवायचा हुकूम काढला.

हत्तींसाठी मात्र हुकूम फार उशिरा आला. 1989 साली आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. तरी 2006 मध्ये चीनने ही कला राष्ट्रीय वारसा यादीत घेतली आणि 2008 मध्ये आफ्रिकेच्या सरकारी साठ्यातला सुमारे 62 टन हस्तिदंत परवानगीने विकत घेतला. कायदेशीर दुकानं उघडी, म्हणून चोरट्या मालालाही वाट मिळाली. शेवटी 2017 च्या अखेरीस देशातला हा व्यापार बंद झाला. मला हा निर्णय योग्यच वाटतो. या हातांबद्दल मला नितांत आदर आहे, पण त्यासाठी हत्ती मरायला नकोत.

कारागीर आता सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून निघणाऱ्या मॅमथच्या, म्हणजे हत्तीच्या नामशेष झालेल्या केसाळ भाऊबंदाच्या, दातावर आणि बैलाच्या हाडावर काम करतात. मॅमथचा दात ओळखायचा कसा? आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात. दाताच्या बाहेरच्या कडेजवळ त्यांचा कोन हत्तीच्या दातात मोठा असतो, साधारण 115 अंशांच्या वर. मॅमथमध्ये तो 90 च्या खाली येतो.