वाफसा

(पुण्यात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

तुमच्या वेळापत्रकात वनस्पती, मृदा आणि हवामान असे तीन वेगळे तास आहेत. तीन वह्या होतील, तीन परीक्षाही. शेतकऱ्याकडे मात्र या तिन्हींसाठी एकच शब्द आहे: वाफसा. पाऊस होऊन गेला, जादा पाणी निथळलं, मातीत ओलही राहिली आणि मुळांना श्वास घ्यायला हवाही, की तो म्हणतो, "वाफसा आला, आता पेरायला हरकत नाही." मुठीत माती दाबून तो हे ठरवतो. वर्षभर तुम्ही शिकाल ते सगळं त्या मुठीत असतं.

पुण्यात हे शिकण्यासाठी लांब जावं लागत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात सुमारे सातशे, आणि बारामतीकडे तो पाचशेच्या आसपास येतो. पण हा आकाशातला पाऊस झाला. झाडाला मिळतो तो मातीने धरून ठेवलेला. वेताळ टेकडीच्या उतारावर वीतभर खणलं की मुरूम लागतो. पाणी वाहून जातं आणि तिथे कुसळीसारखं गवत तग धरतं. पायथ्यालाही टेकडीचाच बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पण त्याची झिजून वाहत आलेली बारीक माती साठून खोल काळी झालेली. पाऊस सारखा, झाडं वेगळी.

ही काळी माती हातात घेऊन बघा. ओली करून अंगठा आणि बोटामध्ये दाबत पुढे सरकवली, तर लांब चकचकीत पट्टी निघते. तिच्यातली स्मेक्टाइट नावाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात भेगेत सहज हात जातो, आणि भेगेच्या कडेला तुटलेली बारीक मुळं दिसतात. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ तिथेच बसून राहिलो होतो.

एक चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. नोकरीच्या सुरुवातीला एका शेतकऱ्याने मोसंबी लावण्याविषयी विचारलं. मी वरच्या वीतभर मातीचा नमुना तपासून 'लावा' म्हणालो. खड्डा खणला नाही. खाली चुनखडीचा थर होता. मुळं तिथे पोचली, तशी कोवळी पानं पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. चुन्यामुळे लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नव्हतं. त्या माणसाची काही वर्षं वाया गेली. खड्ड्याच्या भिंतीवर पातळ ॲसिडचा एक थेंब टाकला असता तर फसफस होऊन चुना तेव्हाच कळला असता. तेव्हापासून खड्डा पाहिल्याशिवाय मी कुणाला सल्ला दिलेला नाही.

हवेचंही असंच. १९३२ साली पुण्यात शेती-हवामानाचा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख डॉ. एल. ए. रामदास. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री सर्वांत थंड जागा जमिनीलगत असते, असं तेव्हा मानलं जाई. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांना ती उघड्या जमिनीपासून थोडी वर, वीत-दोन वीत उंचीवर सापडली. सुरुवातीला अनेकांना ते पटलं नाही. पुढे मोजमापांनी खरं ठरलं. त्या उंचीवर काय असतं? रोपाचा शेंडा. म्हणून माणसाच्या उंचीवरचं तापमान वाचून रोपाच्या थंडीविषयी बोलू नका. शेतीच्या वेधशाळेत तापमापी मातीत पाच, दहा, वीस सेंटिमीटरवर पुरलेले असतात, तेही याचसाठी: मुळं जिथे असतात तिथलंच तापमान कळावं म्हणून.

रविवारी सकाळी सात वाजता टेकडीच्या पायथ्याशी भेटू. पहार आणि घमेलं मी आणतो. तुम्ही खुरपं, पाण्याची बाटली आणि एकच वही आणा, तिन्ही विषयांसाठी.