फाईल दिसते, पण उघडत नाही

कॉम्प्युटरच्या जुन्या फाईली टेपांवर साठवणाऱ्या भांडारातला हा रोबोट बघा. दोन कपाटांच्या मधल्या अरुंद बोळातून रुळावरनं सरकतोय, दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या टेपा, प्रत्येकीच्या कडेला बारकोड. बारकोड वाचला, टेप चिमटीत धरली, ओढली, आणि खाली ड्राइव्हच्या, म्हणजे टेप वाचणाऱ्या यंत्राच्या, तोंडात सरकवली. जवळनं ऐका, नुसती सूं सूं.

ही एलटीओ-८ जातीची टेप, म्हणजे डेटा साठवायची चुंबकीय फीत. अर्धा इंच रुंद, ९६० मीटर लांब, आत १२ टेराबाइट मावतात. पण डेटा एका सरळ रेषेत नसतो, टेप या टोकाकडनं त्या टोकाला जाते, उलटी येते, परत जाते, अशा २०८ फेऱ्या मारल्या की ती भरते. म्हणून हवी ती फाईल कुठे आहे तिथवर गुंडाळत जायलाच मिनिटभर लागू शकतं. एकदा सापडली की मात्र ४० जीबी दोनेक मिनिटांत बाहेर.

मग उशीर कुठे होतो? आता प्रबंध लिहिणाऱ्या या मुलीचा स्क्रीन बघा. फाईलींची यादी दाखवणारी एलएस ही आज्ञा मारली, फाईल ४० जीबी दिसते. डिस्कवर खरी जागा किती व्यापलीय ते सांगणारी डीयू मारली, शून्य. म्हणजे दारावर पाटी आहे आणि माणूस गावाला गेलाय. कित्येक महिने कोणी हात लावला नाही म्हणून सिस्टिमने रात्रीतनं फाईल आपणहून टेपवर हलवली, डिस्कवर फक्त नाव आणि साइज ठेवली, आणि ज्याची फाईल त्याला कोणी काही कळवलंच नाही.

टेपा हजारो, ड्राइव्ह मोजके, त्यामुळे रांग लागते. त्यात कोणी अख्ख्या फोल्डरवर ग्रेप, म्हणजे फाईलींच्या आतला शब्द शोधणारी आज्ञा, चालवली की एकदम शेकडो फाईली मागवल्या जातात, त्याही वेगवेगळ्या टेपांवरनं, आणि हा बिचारा हात तीच टेप काढतोय, ठेवतोय, परत काढतोय. टेपच्या क्रमाने मागितल्या असत्या तर एका खेपेत काम झालं असतं, पण हे युझरला सांगणार कोण?

अ‍ॅमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्ह या ऑनलाइन साठवणीत साधी मागणी १२ तासांत, स्वस्तातली ४८ तासांत, हे आधीच लिहिलेलं असतं. माणूस तसा बेत आखतो. इथे फक्त लुकलुकणारा कर्सर. 'फाईल टेपवर आहे, तुमचा नंबर अमुक' एवढी एक ओळ दाखवायला काय लागतं हो?

या मुलीची प्रबंधाची रात्र त्यात गेली.

हात परत वर निघालाय. बारकोड वाचला. तिची टेप.