जुनी एसयूव्ही आणि राहून गेलेली कामं

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी मीटर बघतो, मग रंग, मग आतली स्क्रीन केवढी आहे ते. या तिन्हींवरून गाडी पुढच्या वर्षभरात किती खर्च काढणार आहे, हे कळत नाही. ते कळतं एकाच प्रश्नातून: या गाडीची कोणती कामं झाली आहेत आणि कोणती राहून गेली आहेत?

साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या टप्प्यात मोठी कामं एकदमच दारात येतात. टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करणारा रबरी पट्टा) असेल तर बेल्ट आणि त्याच्यासोबत वॉटर पंप, गिअरबॉक्सचं ऑईल, डिफरन्शियलचं (वळताना दोन बाजूंची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरू देणाऱ्या भागाचं) ऑईल, ब्रेक डिस्क, चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुश, टायरचा दुसरा किंवा तिसरा संच, बॅटरी. पुष्कळ गाड्या नेमक्या याच टप्प्यावर विकायला निघतात. दर वेळी विकणारा लबाड असतो असं नाही. मोठा खर्च समोर दिसतो आणि माणूस गाडी बदलायचं ठरवतो. पण तो खर्च संपलेला नसतो, गाडीबरोबर तुमच्याकडे येतो.

म्हणून बजेट ठरवताना हातचं राखून ठेवा. तुमच्याकडे १०० आहेत असं धरलं, तर गाडी ८० ते ८५ ची बघायची. उरलेले पहिल्या वर्षाच्या कामांचे. सगळे पैसे गाडीतच घालून मोकळं झालेलं कुटुंब पहिलं मोठं काम पुढे ढकलतं, आणि गाडी बिघडायला सुरुवात होते ती तिथूनच.

एसयूव्हीत हे जास्त बोचतं, कारण ती जड असते. वजन जास्त म्हणून डिस्क मोठ्या, टायर मोठे, बुश लवकर झिजतात. चारही चाकांना ताकद देणारी असेल तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस, मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आणि मागचं डिफरन्शियल हे तीन भाग आणखी. बर्फ, चिखल, कच्चा चढ हे तुमच्या रोजच्या वाटेवर नसेल, तर त्याच मॉडेलची फक्त पुढच्या चाकांवर चालणारी गाडी शोधा. उंची तीच, जागा तीच, बिघडायला भाग कमी.

आता मॉडेलबद्दल. एखादं नाव विश्वासाचं असं सरसकट सांगता येत नाही, कारण एकाच नावाखाली वेगवेगळी इंजिनं आणि गिअरबॉक्स येऊन जातात. होंडा सीआर-व्ही घ्या. जुन्या पिढ्यांतलं २.४ लिटरचं, टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) नसलेलं पेट्रोल इंजिन ही एक गोष्ट, आणि २०१७ च्या पिढीत आलेलं १.५ लिटरचं टर्बो ही दुसरी. या टर्बो इंजिनात थंड हवेच्या भागांत छोट्या फेऱ्यांवर पेट्रोल इंजिन ऑईलमध्ये मिसळण्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला वॉरंटी वाढवावी लागली. नाव तेच, पण तपासायच्या गोष्टी वेगळ्या. म्हणून चौकशी करताना नाव, वर्ष, इंजिन आणि गिअरबॉक्स अशी चारींची मिळून करा. नव्या पिढीचं पहिलं वर्ष टाळलेलं बरं. दोन-तीन वर्षांत कारखान्यातल्या चुका दुरुस्त झालेल्या असतात. बजेट तंग असेल तर टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन आणि त्याला मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद तेलामार्फत पुढे देणारा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, या जोडीत सहसा धक्के कमी बसतात.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं. हे आधी फोनवर सांगा, आणि पोचल्यावर बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावा. नळी गरम लागली, तर गाडी आधीच चालू करून ठेवलेली आहे. मग दुसऱ्या दिवशी या. इंजिन गरम झालं की निम्मे आवाज बंद होतात, आणि तेच आपल्याला ऐकायचे असतात.

चालू करण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी, काढा. ऑईल खालच्या खुणेजवळ असेल तर इंजिन ऑईल पितंय किंवा कोणी बघतच नाही. वरच्या खुणेच्याही वर असेल आणि वासाला पेट्रोल-डिझेल येत असेल, तर इंधन ऑईलमध्ये उतरतंय. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) टाकी बघा: रंग स्वच्छ हवा, तपकिरी गढूळ नको, वर तेलाची साय नको. ऑईलच्या झाकणाखाली मलईसारखा थर दिसला की हेड गॅसकेट (इंजिनमधलं ऑईल आणि कूलंट वेगळं ठेवणारी पट्टी) गेलं असं लोक लगेच म्हणतात. छोट्या फेऱ्या आणि थंडी एवढ्यानंही तो थर येतो. त्याच्या जोडीला कूलंट कमी होत असेल किंवा एक्झॉस्टमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबत नसेल, तेव्हा घाबरायचं.

मग इग्निशन ऑन करा, स्टार्ट करू नका. चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग, ऑईल प्रेशर, सगळे दिवे लागायला हवेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवेत. एअरबॅगचा दिवा मुळात लागलाच नाही, तर कोणीतरी त्याचा बंदोबस्त केलेला आहे. ती गाडी तिथेच सोडा. इंजिन सुरू होताना काच खाली घ्या. टायमिंग चेनचा खडखडाट एखादा सेकंद ऐकू आला तर ठीक, दोन-तीन सेकंदांपुढे राहिला तर चेन सैल झालीय किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर थकलाय. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय.

बेल्टचं इंजिन असेल तर बदलल्याची पावती मागा. मॉडेलप्रमाणे मुदत ९० हजार ते १ लाख ६० हजार किलोमीटर किंवा ६ ते १० वर्षं, जे आधी येईल ते. 'बदललाय हो' या शब्दावर भागवू नका. बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि इंजिनच उघडावं लागतं. काही छोट्या टर्बो इंजिनांत बेल्ट ऑईलमध्ये भिजलेला असतो. तिथे चुकीच्या ग्रेडचं ऑईल घातलं की रबर सुटतं, त्याचे कण ऑईलच्या गाळणीत अडकतात आणि इंजिनला ऑईल कमी पडतं.

आता गिअरबॉक्स. सगळ्यात महाग चूक इथेच होते, आणि ती लपवणंही इथेच सोपं. ब्रेकवर पाय ठेवून पार्कमधून रिव्हर्स टाका. साधारण एका सेकंदात हलकासा जोर लागलेला जाणवायला हवा. दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग धाडकन झटका, तर आतले क्लच झिजलेत किंवा दाब कमी पडतोय. रिव्हर्स आणि ड्राइव्ह दोन्ही थंड असताना करून बघा, आणि अर्धा तास चालवून परत करून बघा. काही दोष गरम झाल्यावरच उघडे पडतात.

चढावर हळूहळू ॲक्सिलरेटर द्या. टॅकोमीटरचा काटा वर जातो पण गाडी त्या मानानं पुढे सरकत नाही, हे स्लिप. ५० ते ७० च्या वेगात पाय स्थिर ठेवल्यावर रस्त्यावर बारीक रेषा असल्यासारखी थरथर जाणवली, तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) बघावा लागेल. कधी नुसत्या ऑईल बदलण्यानं ती जाते, कधी जात नाही. सीव्हीटी या प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलत नाहीत, त्यामुळे तिथे कान लावायचा: वेगाबरोबर चढत जाणारा शिट्टीसारखा आवाज आणि लाल दिव्यावरून निघताना येणारा कंप.

गिअरबॉक्सचं ऑईल 'आयुष्यभराचं' आहे असं बऱ्याच गाड्यांच्या माहितीपुस्तकात छापलेलं असतं. कोणाच्या आयुष्याचं, हा खरा प्रश्न. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑईल बदलायला सांगते. दीड लाख किलोमीटर झालेत आणि ऑईल एकदाही बदललेलं नाही, तर ते राहून गेलेलं काम आहे. त्याचा खर्च किमतीतून वळता करा. आणि मागे ट्रेलर ओढायचा हुक बसवलेला असेल तर गिअरबॉक्सकडे दुप्पट लक्ष द्या. ओझं ओढताना ऑईल तापतं आणि लवकर मरतं.

चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर टायर नुसते चांगले असून भागत नाही, सारखे हवेत. का ते बघा. २३५/६० आर १८ हा एसयूव्हीचा नेहमीचा आकार. नव्या टायरची खाच धरू ८ मिलिमीटर, झिजलेल्याची ३. व्यासात १० मिलिमीटरचा फरक पडला, म्हणजे झिजलेलं चाक दर किलोमीटरला साधारण ६ फेरे जास्त मारतं. तो फरक ट्रान्स्फर केसमधल्या क्लचला किंवा मधल्या डिफरन्शियलला सोसावा लागतो, सरळ रस्त्यावरसुद्धा, सतत. म्हणून तीन जुने आणि एक नवा, किंवा चार टायर चार ब्रँडचे, असं दिसलं की समजा की ही गाडी आतून झिजत आली असू शकते. मोकळ्या कोरड्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा. चाकं अडखळत, उड्या मारत फिरली तर मागच्या कप्लिंगचं (मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या भागाचं) किंवा ट्रान्स्फर केसचं ऑईल तरी गेलंय, नाहीतर क्लच तरी. (लिव्हर किंवा बटणानं जोडायचा पार्ट-टाइम फोर-व्हील मात्र कोरड्या रस्त्यावर जोडून वळवायचाच नाही. तिथे असं अडखळणं स्वाभाविक आहे.)

टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांपुढे शेवटचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. खाच भरपूर आहे पण टायर ८-१० वर्षांचा आहे, तर तो बदलायच्याच हिशेबात धरा. आतली कड जास्त खाल्लेली असेल तर अलाइनमेंट किंवा बुश. ४० च्या पुढे येणारी घूंऽऽ वळणावर वाढते किंवा कमी होते, ते व्हील बेअरिंग.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून दोष वाचणारं यंत्र, हवाच. पण नुसते फॉल्ट कोड वाचून थांबू नका. बघायला येणार म्हणून कोड पुसून टाकणं हे मिनिटाचं काम आहे. स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर (गाडीनं स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारी यादी) बघा: बरेचसे 'अपूर्ण' दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हाही आकडा बऱ्याच गाड्यांत मिळतो. तो १२ आला, तर विकणाऱ्याला शांतपणे विचारा की काल काय होतं.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा आणि डॅशबोर्डखालचे कनेक्टर बघा, गंज किंवा हिरवट थर आला असेल तर नको. सनरूफ असेल तर चारही पावलांखालचं कार्पेट हातानं दाबा. सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी खांबांतून खाली उतरतं आणि कार्पेटखालच्या वायरिंगमध्ये साचतं. वरून काही दिसत नाही, नुसता कुबट वास येतो. अपघाताचं एका वाक्यात: मडगार्ड आणि बॉनेटच्या बोल्टांच्या कडांवरचा रंग पान्यानं सोलला असेल तर ते पत्रे एकदा तरी उघडलेत, का ते विचारा.

कुटुंबाची गाडी म्हणजे मुलांच्या सीट. आयसोफिक्सच्या (मुलांची सीट अडकवायच्या) कड्या बहुतेक वेळा मधल्या ओळीच्या दोन कडेच्या जागांनाच असतात, तिसऱ्या ओळीत सहसा नाहीत. तुमची सीट घेऊन जा आणि बसवून बघा. मागे तोंड असलेली बाळाची सीट लावल्यावर पुढे मोठ्या माणसाचे गुडघे मावतात का, तेही. तिसऱ्या ओळीत स्वतः बसा, डिक्कीचं दार लावून घ्या आणि मान ताठ ठेवा. डोक्यामागे काच किती जवळ आहे ते तेव्हाच कळतं. त्या ओळीला एसीचा झोत आहे का आणि बाजूची एअरबॅग तिथपर्यंत पोचते का, हे विचारा. दाराजवळच्या खांबावरच्या पट्टीवर हवेचा दाब आणि भार लिहिलेला असतो. सात माणसं आणि सामान यांची बेरीज त्याच्याशी ताडून बघा.

चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. तो काचेखाली, बॉडीवर आणि कागदांवर एकच हवा. तोच नंबर कंपनीच्या रिकॉल तपासणीत टाका. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणानं बिघडतं, आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडून माणसं दगावली आहेत. कित्येक ब्रँडच्या कोट्यवधी एअरबॅग परत बोलावल्या गेल्या. रिकॉलचं काम फुकट होतं, तरी ते राहून गेलेल्या गाड्या बाजारात येत असतात. इथे सवलत देऊ नका.

नेहमी येणारा एक प्रश्न: डिझेल घ्यावं का? रोज लांब पल्ला असेल तर जरूर. शाळा, बाजार, ऑफिस एवढंच असेल तर नको. डिझेलच्या पार्टिक्युलेट फिल्टरमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीतली) काजळी जाळायला साधारण ६०० अंशांची उष्णता लागते, ती पाच-सात किलोमीटरच्या फेरीत येत नाही. फिल्टर साफ करायला इंजिन जादा डिझेल सोडतं, जळणं अर्धवट राहतं आणि ते डिझेल ऑईलमध्ये उतरतं. फिल्टर काढून रिकामा केलेली गाडीही कोणी गळ्यात मारेल, म्हणून एक्झॉस्टच्या तोंडात बोट फिरवा. चालू फिल्टरच्या गाडीत ते जवळजवळ स्वच्छ राहतं, काळं होत नाही.

दुसरा प्रश्न हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरी आणि मोटर असलेल्या गाडीचा. बॅटरीला हवा देणारी जाळी बऱ्याचदा मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली असते. ती धूळ आणि केसांनी भरली की बॅटरी तापते आणि लवकर थकते. जाळी काढून बघा, आणि बॅटरीची तब्येत स्कॅनरवर गटागटानं तपासून घ्या.

घासाघीस करताना तुमच्या हातात राहून गेलेल्या कामांचा कागद असू द्या: टायर चार, गिअरबॉक्स ऑईल, पुढच्या डिस्क, खालचे बुश. प्रत्येकासमोर गॅरेजनं सांगितलेली रक्कम. गाडी विकणाऱ्याशी निगडित नसलेल्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून मग बोला. लिफ्टवर चढवायला जो तयार नाही, त्याच्याकडे थांबू नका. गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑईल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑईल नवीन करा आणि त्या दिवसाचं मीटर लिहून ठेवा. गिअरबॉक्सचं ऑईल आधी रंग आणि वास बघून ठरवा: लालसर असेल तर बदला, काळं पडून जळका वास येत असेल आणि गिअरबॉक्स आधीच घसरत असेल, तर मशिन लावून फ्लश करू नका. गाळ हलला की उरलासुरला क्लचही जातो. तशी गाडी विकत घेण्याआधीच सोडायची होती.