पूर्व भागातला एक कॉम्प्युटर: विंडोजही, लिनक्सही

(दृश्य: गल्ली, यंत्रमागांची खडखड, जिना चढून वरची खोली)

सोलापूरचा पूर्व भाग. खाली माग, वर घर. या घरात मात्र वरच्या खोलीत लग्नपत्रिका तयार होतात. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. कॉम्प्युटरवर टॉवेल पांघरलाय, अर्थात सोलापुरी. आता कॅबिनेटचं झाकण निघतंय. पंख्याच्या पात्यांवर, प्रोसेसरच्या जाळीवर सुताचे बारीक तंतू बसलेत, दुधावर साय धरावी तसे. रंगकामाच्या ब्रशने ते हळूहळू सुटतात. हाच तो कॉम्प्युटर, जो भंगारात घाला असं सांगितलं गेलं होतं.

का? तर विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीतलाच लागतो. इथला इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर त्या यादीत नाही. चालतं मशीन निकालात.

पप्पा विंडोज सोडायला तयार नाहीत. त्यांच्या सगळ्या जुन्या पत्रिका कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये आहेत, त्याही युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या समान पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसला की 'चि. सौ. कां.'च्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं उमटतात. आणि कोरलड्रॉची आजची आवृत्ती लिनक्ससाठी, म्हणजे विंडोजसारख्याच पण मोफत ऑपरेटिंग सिस्टमसाठी, निघतच नाही. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिला लिनक्स हवं. मग ठरलं: पत्रिका विंडोजवर, तेही इंटरनेट काढून, बँक, ईमेल, कॉलेजचं काम लिनक्सवर.

(दृश्य: पेन ड्राइव्ह, मग स्क्रीन जवळून)

या पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स मिंट आहे, लिनक्सचाच एक तयार प्रकार. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरवल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने ज्या कर्नलची, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याची, घोषणा केली, त्याच कर्नलवर हे उभं आहे. कितीही मशीनवर टाका, शेजाऱ्याला द्या, कुणी लायसन्स विचारत नाही. ही गोष्ट आपल्याकडे अजून फार कमी लोकांना माहीत आहे.

बॅकअप आदल्या रात्रीच झालाय. आधी विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद. तो चालू असला की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि त्याच्या ड्राइव्हवर लिनक्सला धड लिहिता येत नाही. मग डिस्क मॅनेजमेंट. सी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. ही काळी पट्टी बघा: १०० जीबी मोकळी झाली. तिथे अजून काहीच नाही.

रीस्टार्ट. एफ-१२ दाबून पेन ड्राइव्ह निवडला. इन्स्टॉलर विचारतो: विंडोजच्या शेजारी बसवू, की सगळी डिस्क पुसून? इथे घाई करायची नाही. पहिला पर्याय. पुढे टाइम झोन, नाव, पासवर्ड, आणि ही पट्टी सरकतेय तोवर चहा.

पुन्हा रीस्टार्ट, आणि हा ग्रबचा, म्हणजे कोणती सिस्टम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यू. काळा पडदा, पांढरी अक्षरं: वर लिनक्स मिंट, खाली विंडोज. दहा सेकंदांची उलटी मोजणी. बाण हलवला की निवड बदलते. काही दाबलंच नाही तर पहिलं नाव चालू होतं.

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ, मग स्क्रीनचा कोपरा)

भिंतीवर अकरा वाजलेत, विंडोजमध्ये पहाटेचे साडेपाच! बिघाड काही नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. फरक नेमका साडेपाच तासांचा, म्हणजे आपल्या भारतीय वेळेचा. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एका ओळीची कमांड, आणि दोघांचं जमलं.

विंडोजमधल्या पत्रिका लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये दिसतात. तिथूनच पीडीएफ ईमेलने छापखान्यात जाते. जागा मात्र वाटली गेली, आणि एकीकडून दुसरीकडे जायला दर वेळी रीस्टार्ट करावं लागतं. कधी ग्रब गायब झाला, तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बूटचा क्रम बदलायचा.

पप्पांची अट एकच होती: मशीन चालू केल्यावर काही न दाबता विंडोज यायला हवं. मुलीने ग्रबच्या फाइलमध्ये तसा बदल करून दिलाय. लिनक्ससाठी आता दहा सेकंदांच्या आत बाण दाबायचा, तो तिने.