स्टिकरवरचा नंबर

मंडळी, अध्यक्षांनी चाळीस मिनिटं दिली आहेत आणि खाली पोहे वाफेवर ठेवलेत. इंदूरात पोह्यांशी स्पर्धा करणारा वक्ता अजून जन्माला यायचाय, तेव्हा जपून बोलतो. विषय तुम्ही पत्रिकेत वाचलाच आहे: कार्ड प्रोटेक्शनच्या, म्हणजे कार्डाचा कुणी गैरवापर केला तर संरक्षण देतो म्हणणाऱ्या प्लॅनच्या, नावाखाली कापलेले पैसे परत कसे मिळवायचे. पण त्याआधी जरा विलायतेला जाऊन येऊ. पाचच मिनिटं. (हशा) हसू नका, खरंच पाच.

तिकडे बँकेकडून नवं कार्ड पाकिटातून यायचं आणि त्यावर एक छोटा स्टिकर असायचा: कार्ड मिळाल्यावर या नंबरावर फोन करा. माणूस फोन करायचा. त्याला वाटायचं, आपण बँकेशीच बोलतोय. पलीकडे मात्र सीपीपी नावाच्या कंपनीचा विक्रेता. कार्ड चालू करून देता देता तो विचारायचा, कुणी तुमच्या कार्डावर पैसे उडवले तर? वर्षाला साधारण ३५ पौंड भरा, एक लाख पौंडांपर्यंत संरक्षण घ्या. गिऱ्हाईक ‘नको’ म्हणालं की त्या ‘नको’वरचं उत्तर विक्रेत्याकडे तयार. आपल्याकडे दुपारी दोनला, जेवून जरा डोळा लागतो तेव्हा, ‘सरजी’ म्हणत जो फोन येतो ना, त्याचंच हे थोरलं भावंड.

आता यातली मेख पाहा. कार्डावर दुसऱ्याने पैसे उडवले तर ते भरून देणं बहुतेक वेळा आधीपासूनच बँकेच्या गळ्यात होतं. म्हणजे आपल्याच अंगणातल्या आडाचं पाणी आपल्याला घागरीच्या भावाने!

नोव्हेंबर २०१२ मध्ये अशा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या नियामकाने कंपनीला १ कोटी ५ लाख पौंडांचा दंड ठोकला. जानेवारी २००५ ते मार्च २०११ या काळात ४४ लाख पॉलिसी विकल्या गेल्या होत्या आणि १ कोटी ८७ लाख नूतनीकरणं झाली होती. हा दुसरा आकडा लिहून घ्या. विकायला निदान एकदा तोंड उघडावं लागतं. नूतनीकरण मुकाट्याने होतं; रक्कम इतकी बेताची की स्टेटमेंटमध्ये पेट्रोल आणि किराणा यांच्यामध्ये दडून बसते. ऑगस्ट २०१३ मध्ये ती कंपनी आणि १३ बँका-कार्डकंपन्या १३० कोटी पौंडांपर्यंत भरपाई द्यायला तयार झाल्या, वर ८ टक्के व्याज. बँका का आल्या? स्टिकर त्यांच्या कार्डावर होता म्हणून. आपल्याकडे शाखेत ‘तो थर्ड पार्टीचा प्रॉडक्ट आहे हो’ म्हणून हात झटकतात, तेव्हा हे आठवा. पैसे कुणाच्या कार्डावरून कापले, एवढंच विचारा.

आपल्याकडेही ती मेख आहेच. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं की चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले, आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चूक तुमची होती हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवर. तुम्हीच ओटीपी सांगितला असेल तर गोष्ट वेगळी. काही प्लॅन तेही नुकसान भरतात, एका फोनवर सगळी कार्डं बंद करून देतात. ज्याने समजून-उमजून घेतला त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ‘फ्री आहे’, ‘कार्डासोबत कंपल्सरी आहे’ म्हणून गळ्यात मारलेल्याशी.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेतला विषय आता सुरू. (हशा)

जुनी स्टेटमेंट काढा, आहेत तितक्या वर्षांची. समजा प्लॅनची वर्षाची फी १,६९९ आहे. १८ टक्के जीएसटी धरून २,००४ रुपये ८२ पैसे. कर दुसऱ्या ओळीत असतो, मागताना लोक तोच विसरतात. चार वर्षांचे ८,०१९ रुपये २८ पैसे.

मग बँकेला ईमेल. फोन नको, केलाच तर तक्रार क्रमांक घ्या. त्यात आधी प्लॅन आणि ऑटो-रिन्यूअल दोन्ही रद्द करा, मग माझ्या संमतीचा पुरावा द्या म्हणा: सही, ओटीपीची नोंद किंवा तारखेसह कॉलचं रेकॉर्डिंग. पुरावा नसेल तर पहिल्या वर्षापासूनची सगळी रक्कम परत. इथे गाडी हमखास अडते. प्लॅनवाली कंपनी ‘उरलेल्या महिन्यांचे देतो’ म्हणते, आणि आपण हो म्हटलं की मागची वर्षं बुडाली. वादातली रक्कम कापून कार्डाचं बिलही भरू नका, व्याज चढू शकतं. पूर्ण भरा, मग भांडा.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर, नाहीतर कागदावर तिच्या चंडीगढच्या केंद्राकडे. फी नाही, आणि तुमच्या वतीने वकील तक्रार करू शकत नाही, त्यामुळे वकीलमंडळींनी आत्ता पोह्यांकडे निघालं तरी चालेल. पण पावतीवर विमा कंपनीचं नाव आणि ‘प्रीमियम’ असेल तर रस्ता वेगळा: आधी त्या कंपनीचा तक्रार अधिकारी, मग आपल्या मध्य प्रदेशासाठी भोपाळचा विमा लोकपाल. सभासद फी की प्रीमियम, हे आधी पावतीवर बघा, नाहीतर चुकीच्या दारात महिना जातो.

आलो, आलो. एकच राहिलं. कार्ड बदललं म्हणून प्लॅन सुटला असं समजू नका, तो नव्या कार्डावरही येऊन बसू शकतो. पैसे परत आले तरी पुढच्या वर्षी त्याच महिन्याचं स्टेटमेंट उघडून बघा.